एकास एक

गेल्या दिवाळीत माझा भाचा चार दिवस आमच्याकडे राहावयास आला, तो बरोबर कागदांचे एक भेंडोळे घेऊनच. तो महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. फराळाची ताटली बाजूला सारून तो एक तक्ता भरीत बसला होता. वर्षभरात शोधनिबंध किती छापले, कोठे छापले, किती जणांनी त्यांचा आधार घेतला, आणि त्याबद्दल गुण किती. "एका निबंधास एक, मामा," तो म्हणाला, "मग तो जगाने डोक्यावर घेवो की वाळवीने खावो!"

मला हसू आले, पण ते फार वेळ टिकले नाही. कारण त्याच भेंडोळ्यात जगातील विद्यापीठांची अशीच मोजून रचलेली उतरंड होती, आणि नुकतेच ज्याच्याविषयी मी वाचले होते ते एक नाव तिच्या वरच्या पायऱ्यांवर कोठेच दिसेना.

नायजेरियाच्या नैर्ऋत्य भागात, योरुबा लोकांच्या मुलुखात, एदे नावाचे गाव आहे. तेथील एक राजा, अदेतोयेसे लाओये, बोलका ढोल वाजवण्यात मोठा वाकबगार होता. त्या ढोलांवर त्याने अभ्यासपूर्ण लेखही लिहिला. (त्याला किती गुण मिळाले असते, देव जाणे.) याच एदेत आज रिडीमर्स विद्यापीठ आहे. २००५ साली एका ख्रिस्ती पंथाने काढलेले, खाजगी, लहानसे. तेथे क्रिश्चन हॅपी या शास्त्रज्ञाने साथीच्या रोगांचे जंतू त्यांच्या जनुकांवरून ओळखणारे केंद्र उभे केले.

त्याचे मोल कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९६९ च्या जानेवारीत नायजेरियाच्या ईशान्येकडील लासा या खेड्यात लॉरा वाइन नावाची मिशनरी परिचारिका अनोळखी तापाने आजारी पडली. तिला जॉस येथील रुग्णालयात नेले. तेथे ती गेली. तिची शुश्रूषा करणारी परिचारिकाही गेली. तिसरी, लिली पिनिओ, हिला विमानाने अमेरिकेस नेले आणि ती वाचली. रक्ताचे नमुने येल विद्यापीठात पोचले व तेथे विषाणू सापडला. तो शोधणारे जॉर्डी कासाल्स स्वतःच त्या तापाने अंथरुणास खिळले आणि पिनिओबाईंच्या रक्तातील द्रवाने वाचले. त्याच प्रयोगशाळेतील एक सहायक मात्र दगावला. तेव्हा येलच्या मंडळींना बोल लावण्याचा माझा मुळीच विचार नाही. त्यांनी प्राण पणाला लावले होते. पण गावाने नाव दिले, रक्त दिले, आणि त्या रक्तात काय होते हे कळले ते समुद्रापलीकडे. नायजेरियातील तापाची ओळख नायजेरियाला परदेशातून यावी, यात मला कोठेतरी खुपते.

आता २०१४ चा जुलै पाहा. २० तारखेस लायबेरियाहून एक प्रवासी लागोसच्या विमानतळावर उतरला आणि कोसळला. डॉ. अमेयो आदादेवो यांना इबोलाचा संशय आला. रुग्णास सोडून देण्यासाठी दडपण येत असतानाही त्यांनी त्याला रुग्णालयाबाहेर जाऊ दिले नाही. संशयाला पुरावा हवा होता. तो लागोस विद्यापीठाच्या रुग्णालयातील प्रयोगशाळेने आणि हॅपी यांच्या चमूने देशातच मिळवून दिला. मग रुग्णांच्या संपर्कात आलेली जवळजवळ ९०० माणसे शोधून त्यांच्यावर नजर ठेवण्यात आली. सारे मिळून २० रुग्ण, ८ मृत्यू. २० ऑक्टोबरला देश इबोलामुक्त जाहीर झाला. त्या साथीने पश्चिम आफ्रिकेत ११,००० हून अधिक बळी घेतले, आणि लागोस तर माणसांचा समुद्र! त्या आठांत डॉ. आदादेवो होत्या.

पुढे २०२० च्या फेब्रुवारीअखेर नायजेरियात करोनाचा पहिला रुग्ण सापडला. अवघ्या काही दिवसांत एदेच्या केंद्राने त्या विषाणूची जनुकीय मांडणी वाचून जगापुढे खुली ठेवली. आफ्रिका खंडातून आलेली ती पहिलीच.

हे सारे मी भाच्याला मोठ्या उत्साहाने सांगितले आणि म्हटले, "ज्याच्या अंगातून रक्त घेतले त्याच्या दारी उत्तर किती लवकर पोचले, हे मोजा की!"

तो रसायनशास्त्राचा माणूस. त्याने शांतपणे विचारले, "मग ज्याचे उत्तर कोणाच्याच दारी जात नाही ते संशोधन टाकून द्यायचे?"

मी जरा गडबडलो. खरे तर इबोला येण्यापूर्वी हॅपी आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे लासा तापावरच काम करीत होते. इरुआच्या रुग्णालयाबाहेर त्याची फारशी कोणास पर्वा नव्हती. त्या कंटाळवाण्या वर्षांनी हात तयार केले म्हणून जुलैत ते थरथरले नाहीत. त्या वर्षांचे मोल २०१३ साली कोणी विचारले असते, तर माझ्या मापानेही उत्तर शून्याच्या आसपासच आले असते. शिवाय पैसा जागतिक बँकेचा, सहकार्य अमेरिकेतील विद्यापीठांचे. निव्वळ स्वावलंबनाची गोष्ट म्हणून ही रंगवता येत नाही. माझे माप भाच्याच्या तक्त्याहून फारसे शहाणे नव्हते, हे कबूल करणे भाग आहे.

तरीही एक गोष्ट मनातून जात नाही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये इबोलाच्या जनुकांवर एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. नमुने सिएरा लिओनमधील केनेमाच्या रुग्णालयातले. लेखक पन्नासाहून अधिक, त्यांत हॅपीही. निबंध छापून येईपर्यंत त्या लेखकांपैकी पाच जण इबोलानेच दगावले होते. रुग्णालयातील त्या विभागाचे प्रमुख डॉ. शेख हुमार खान २९ जुलैला गेले.

भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने पेन उचलले आणि विचारले, "मामा, याचेही गुण एकच धरायचे ना?"

आतून बहीण हाक मारीत होती, चहा निवतो आहे म्हणून. आम्ही दोघेही उठलो नाही.