मऊ हात कोणासाठी?



दिवाळीच्या सुमारास आपल्या बुलडाणा जिल्ह्यात कापसाची वेचणी सुरू होते. एकाच झाडावर काही बोंडे फुटलेली असतात, काही हिरवी. वेचणारी बाई फुटलेला कापूस तेवढा काढते, हिरव्या बोंडाला धक्का लावत नाही. बोंडाची सुकी टोके तिच्या बोटांना बोचतात. दिवसभर वाकून केलेल्या या कामाची मजुरी किलोवर ठरते.

मोठी यंत्रे सगळे शेत एकदम वेचतात. एकेक बोंड पारखणे त्यांना जमत नाही. पण आता रबर, सिलिकॉन अशा मऊ पदार्थांचे यंत्रमानव तयार होत आहेत. २०१० साली अमेरिकेतील संशोधकांनी रबरी फुग्यात कॉफीची भुकटी भरून यंत्राचा हात बनवला. वस्तूवर टेकला की फुगा तिचा आकार घेतो. आतली हवा ओढून घेतली की भुकटी घट्ट होते आणि वस्तू धरली जाते. कच्चे अंडेही फुटत नाही.

या वाटेवरचे एक जुने पाऊल एका बापाचे आहे. १६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोत पहिल्या अणुबॉम्बची चाचणी झाली. तेव्हा स्फोटाची स्वयंचलित यंत्रणा सुरू करण्याचे काम जोसेफ मॅककिबन या शास्त्रज्ञाकडे होते. पुढे त्यांच्या मुलीला पोलिओ झाला आणि तिचे हात लुळे पडले. १९५० च्या दशकात त्यांनी विणलेल्या जाळीत रबरी नळी बसवली. वायू भरला की नळी फुगते, आखूड होते आणि स्नायूसारखी ओढते. त्या जोरावर लुळी बोटे वस्तू धरू शकतात. बुद्धी तीच होती; या वेळी डोळ्यांसमोर स्वतःचे लेकरू होते.

यंत्र मऊ झाले म्हणून दयाळू होत नाही. दया असते ती ते बनवणाऱ्यात आणि वापरणाऱ्यात. कापूस वेचणाऱ्या यंत्रमानवावर बंगळूरमध्ये काम झाले आहे. उद्या तसा एखादा आपल्या शिवारात आला, तर आपल्या डोळ्यांसमोर काय असेल? त्या बाईची सोललेली बोटे, की फक्त तिची वाचलेली मजुरी? वेचणीला माणसे मिळत नाहीत ही शेतकऱ्याची अडचण खरी आहे. पण त्याच मजुरीवर तिची चूल पेटते, हेही तितकेच खरे.

म्हणून यंत्राची किंमत विचारताना आपण आणखी एक प्रश्न विचारूया: ज्या हातांची जागा हे घेणार, त्या हातांना आपण पुढे कोणते काम देणार?