मौनाची साक्ष

खोटी साक्ष देऊ नये, हे आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो. जे घडले नाही ते घडले म्हणून सांगणे, एवढाच त्या आज्ञेचा अर्थ आपण धरून चालतो. परंतु जे घडले त्याविषयी जाणूनबुजून मौन पाळणे, हीही खोटी साक्षच नव्हे काय?

आफ्रिकेच्या दक्षिण भागातील देशांत हा प्रश्न निवडणुकांच्या निमित्ताने ऐरणीवर आला. दक्षिण आफ्रिकेत एप्रिल १९९४ मध्ये सर्व वर्णांच्या नागरिकांनी प्रथमच एकत्र मतदान केले. वर्षानुवर्षे सरकारची री ओढणारी नभोवाणी व दूरचित्रवाणी आता सर्व पक्षांना न्याय देते की नाही, हे पाहण्यासाठी कायद्याने एक स्वतंत्र आयोग नेमण्यात आला होता. शेजारच्या झिंबाब्वेत १९९९ साली माध्यमांवर देखरेख ठेवणारा एक प्रकल्प सुरू झाला. त्याच्या संस्थापकांत तेथील कॅथलिक न्याय व शांती आयोगही होता.

हे काम दिसायला रुक्ष आहे. बातमीपत्रे ऐकायची, कोणत्या पक्षाला किती मिनिटे मिळाली ते मोजायचे, कोणाला कोणती विशेषणे लावली ते टिपायचे आणि काय गाळले याचीही नोंद ठेवायची. त्यातूनच एक भेद ध्यानात येतो. एखाद्याविषयी पुष्कळ बोलले जाणे वेगळे आणि त्याचे म्हणणे त्याच्याच तोंडून ऐकू येणे वेगळे. विरोधकाला दहा मिनिटे मिळाली आणि ती सगळी त्याची निंदा करण्यात गेली, तर त्या दहा मिनिटांना न्याय कसे म्हणावे?

मग समसमान वाटणी म्हणजे तरी न्याय काय? २००८ साली झिंबाब्वेत मतदानाच्या दोन फेऱ्यांच्या दरम्यान विरोधी पक्षाच्या समर्थकांवर हल्ले झाले. विरोधी उमेदवार मॉर्गन त्स्वांगिराई यांनी जूनमध्ये दुसऱ्या फेरीतून माघार घेतली. अशा वेळी मारणारा आणि मार खाणारा यांना घड्याळ लावून सारखाच वेळ दिला, तर तराजू सरळ दिसेल. पण सत्य मात्र त्यात तोलले जाणार नाही.

माझ्या मते घोटाळा होतो तो न्याय कोणाला द्यावयाचा हे विसरल्यामुळे. बातमी देणाऱ्याचे ऋण मुळात पक्षांचे नसते, ते ऐकणाऱ्याचे असते. २००० सालच्या फेब्रुवारीत झिंबाब्वेत नव्या राज्यघटनेच्या मसुद्यावर सार्वमत झाले, तेव्हा देशात नभोवाणी एकच होती, सरकारची. आणि तिचा कल उघडपणे मसुद्याच्या बाजूने होता. मतदारांनी तो मसुदा नाकारला खरा. परंतु म्हणून त्यांच्यावरील अन्याय पुसला जात नाही. दूरच्या खेड्यात रेडिओभोवती बसलेल्या माणसाला दोन्ही बाजू जाणून घेऊन कौल देण्याचा हक्क होता. तो डावलणे म्हणजे त्याच्या विवेकबुद्धीचाच अवमान होय.

मिनिटे मोजणाऱ्यांच्या अहवालांनी सत्ताधारी बदलले नाहीत. तरीही ते मोजमाप व्यर्थ गेले असे मला वाटत नाही. जे गाळले गेले ते त्यांनी लिहून ठेवले, आणि ‘आम्हांला कोणी सांगितलेच नाही’ असे म्हणण्याची सोय पुढच्यांना उरली नाही. बातम्या ऐकताना आज कोणाचा आवाज आपल्या कानी पडलाच नाही, एवढे आपण आपल्या घरात बसूनही स्वतःला विचारू शकतो.