वर्ग निसर्गाचे की दप्तराचे?

सन १८३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या कंपनी सरकारच्या अंमलदारांनी इंदापूर तालुक्यात नवी आकारणी अमलात आणली, तेव्हा त्याआधी प्रिंगल या अंमलदाराने केलेल्या बंदोबस्तातील जबर साऱ्याने परागंदा होऊ लागलेल्या रयतेला तीस वर्षे न वाढणारा सारा लाभला, आणि मुंबई इलाख्याच्या सर्व्हे पद्धतीचा पायाही येथेच पडला. शेताला नंबर द्यावा, मातीची प्रत लावावी, हे त्या दप्तराचे काम; परंतु अंमलदार बदलला, हिशेब बदलला, आणि तीच माती नव्या दराची झाली. मग मनुष्याने केलेले सर्वच वर्गीकरण असे सोयीपुरते असते, की काही वर्ग वस्तूंच्याच ठायी असतात?

वैशेषिक दर्शनाच्या पंडितांनी ‘सामान्य’, म्हणजे एका वर्गातील सर्व वस्तूंत असणारा समान धर्म, हा स्वतंत्र पदार्थ मानला. दिङ्नाग-धर्मकीर्तींच्या परंपरेतील बौद्धांनी तो बुद्धीचा व्यापार ठरवला. माझा कौल वैशेषिकांकडे आहे, आणि त्याचे कारण रसायनशास्त्रातील आवर्तसारणी. १८६९ मध्ये मेंडेलीफने मूलद्रव्ये अणुभाराच्या चढत्या क्रमाने मांडली, तेव्हा ठरावीक टप्प्यांनी गुणधर्म पुन्हा प्रकटतात असे त्यास आढळले. जेथे अपेक्षित गुणांचे द्रव्य मिळेना तेथे त्याने जागा मोकळी सोडली आणि त्या अज्ञात द्रव्याचे गुण आगाऊ नोंदवून ठेवले. १८७५ मध्ये गॅलियम, १८८६ मध्ये जर्मेनियम हाती आले आणि नोंद बहुतांशी खरी ठरली. निव्वळ सोयीसाठी आखलेल्या कोष्टकाला न पाहिलेल्या वस्तूचे लक्षण कसे सांगता येईल? पुढे १९१३ मध्ये मोजलीने दाखवले की क्रमाचे मूळ अणुकेंद्राच्या विद्युद्भारात आहे. सोडियमचा ११ आणि पोटॅशियमचा १९ हे क्रमांक कोणत्याही कचेरीने दिलेले नाहीत.

हे वर्ग इंदापूरच्या त्याच मातीतही दिसतात. नीरा डाव्या कालव्याने बारामती-इंदापूरच्या जिराईत रानांत ऊस उभा केला. पण जेथे निचरा नव्हता तेथे त्याच पाण्याने क्षार वर आणले आणि कसदार काळी जमीन चोपण झाली. सोडियम मातीच्या कणांना धरून बसतो, कण विखरून छिद्रे बुजतात, पाणी मुरत नाही. शेतकरी जिप्सम घालतो, चर काढतो. तेव्हा जिप्सममधील, सारणीच्या दुसऱ्या गटातील द्विभारी कॅल्शियम पहिल्या गटातील एकभारी सोडियमला कणांवरून हटवतो, आणि सोडियम निचऱ्यावाटे निघून जातो. गटांतील हा भेद मातीतच कार्य करतो. शेतकऱ्याने सारणी पाहिलेली असो वा नसो.

सोडियमच्याच गटातील पोटॅशियम मात्र उसाचे अत्यावश्यक अन्न आहे. म्हणजे सामान्याने सर्व उलगडत नाही, भेदही मानावा लागतो. येथे वैशेषिक प्रत्येक नित्य परमाणूला त्याचा स्वतःचा ‘विशेष’ देतात, आणि येथेच मी त्यांच्यापासून फारकत घेतो: पोटॅशियम सोडियमहून वेगळा ठरतो तो अणुकेंद्राच्या रचनेमुळे, परंतु इंदापूरच्या चोपणातील सोडियमचा अणू आणि समुद्राच्या मिठातील अणू यांना परस्परांपासून वेगळे करील असे स्वतःचे काहीही नसते.