उदाचा धूर, सरबताची बाटली आणि नागार्जुन

दर्ग्यात किंवा देवघरात निखाऱ्यावर ऊद टाकला की उठणाऱ्या धुरात बेंझोइक आम्ल असते. सोळाव्या शतकात ते उदाच्या राळेतूनच काढत. आज तेच आम्ल कारखान्यात टोल्यूइनपासून, म्हणजे पेट्रोलियमच्या घराण्यातून, तयार होते. त्याचा क्षार सोडियम बेंझोएट. सरबताच्या बाटलीवर तो टिकवणारा पदार्थ क्रमांक '२११' म्हणून भेटतो. धूर पवित्र आणि बाटलीतले ते 'केमिकल', असा निवाडा आपण सहज देतो. पेट्रोलियमच्या कार्बनमध्ये कार्बन-१४ उरलेला नसतो, त्यावरून प्रयोगशाळा रेणूचे कुळ सांगू शकते, हे खरे. बुरशीला मात्र कुळाशी देणेघेणे नाही.

मग टिकवण्याचा गुण वसतो कुठे?

वैशेषिक दर्शनाच्या मते गुण द्रव्यातच समवायाने, म्हणजे अतूट संबंधाने, राहतो. दुसऱ्या शतकाच्या सुमारास बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने अशा विचाराला हरकत घेतली: कोणत्याही वस्तूला स्वतःचा असा स्वभाव नाही, जे आहे ते इतरांच्या आधाराने आहे. बेंझोएटची वागणूक पाहिली तर पारडे नागार्जुनाकडे झुकते.

२५ अंशांच्या एक लिटर पाण्यात बेंझोइक आम्ल जेमतेम साडेतीन ग्रॅम विरघळते. सोडियम बेंझोएट पाचशे ग्रॅमहून अधिक. म्हणून कारखानदार क्षार वापरतो. पण जंतूंना रोखतो तो क्षार नव्हे. लिंबाच्या आंबटपणात क्षाराचे पुन्हा आम्ल होते, आणि हे अविघटित आम्लच जंतूच्या स्निग्ध पटलातून आत शिरते. आतले वातावरण जवळपास उदासीन. तिथे आम्ल फुटते, पेशी आंबते, आणि तो आंबटपणा बाहेर फेकण्यात तिची शक्ती खर्ची पडते. पीएच ३ असताना सुमारे ९४ टक्के बेंझोएट आम्लरूपात असते, ४.२ ला निम्मे, ७ ला अर्धा टक्काही नाही. म्हणजे लिंबाच्या सरबतात राखणदार असलेला पदार्थ दुधात जवळजवळ निरुद्योगी. माणसाच्या यकृतात त्याची ग्लायसिनशी गाठ पडते आणि हिप्युरिक आम्ल होऊन तो लघवीवाटे निघून जातो.

सोबत बदलली की चारित्र्यही बदलते. क जीवनसत्त्व एरवी सद्गुणी. पण उष्णता, प्रकाश आणि धातूचे अंश जुळून आले तर त्याच्या संगतीत बेंझोएटपासून किंचित बेंझीन, एक कर्करोगकारक, तयार होऊ शकते. अमेरिकेत २००६ च्या सुमारास काही शीतपेयांची कृती यासाठीच बदलावी लागली. दोन्ही घटक स्वतंत्रपणे मान्यताप्राप्त होते.