शिक्षण संपल्यावरचा धडा

आजचं वाचन : तैत्तिरीय उपनिषद, शीक्षावल्ली, अनुवाक ११

शिक्षण संपवून निघालेल्या शिष्याला आचार्य सांगतात, कुणाकुणाला देव मानायचं. पहिली आई, मग वडील, आचार्य, अतिथी. बघा, हे लहान मुलाला नाही, मोठ्या झालेल्याला सांगितलंय. कारण आपण विसरतो ते मोठे झाल्यावरच.

मीही विसरले होते. आईचा फोन आला की, "कामात आहे गं, नंतर करते."

परवा लेक तापाने फणफणली. रात्रभर कपाळावरच्या पट्ट्या बदलताना आईच आठवत होती. माझ्यासाठी ती अशा किती रात्री जागली असेल! कधी बोलून दाखवलं नाही.

सकाळी फोन केला. "आई, थँक्यू."

ती घाबरलीच. "काय गं, बरी आहेस ना?"

इतक्या वर्षांत तिने माझ्याकडून हा शब्द ऐकलाच नव्हता.

आज पूजेआधी आईला फोन करूया. आई नसेल, तर तिच्या नावाने एक दिवा लावूया.