उघाडीपाशी

जरा टेका इथे, बांधावर. कासूचं स्टेशन आणि मागचे डोंगर पाठीशी असू देत. समोर पेणचा खारेपाट, पार धरमतरच्या खाडीपर्यंत सपाट. पाठ ताणू नका, सरळ असली म्हणजे झालं. श्वास चाललाय तसा चालू द्या.

आता बांधातली उघाडी बघा. वरून टांगलेली एक झडप, बस्स. ओहोटीला शेतातलं पाणी तिला बाहेर लोटतं आणि खाडीला मिळतं. भरती चढली की खाडीचंच पाणी तिला दाबून मिटवतं. उघडायला-मिटायला कुणी माणूस लागत नाही.

थोडा वेळ नुसतं एवढंच बघा.

पतंजली योगसूत्रांत मनाच्या वृत्तींचा ‘निरोध’ सांगतात. तो शब्द आपण बांधासारखा ऐकतो. अडवा, बुजवा. मला ते कधी जमलं नाही, आणि जमायला नको होतं असंही आता वाटतं. नुसत्या बांधाने खारं पाणी बाहेर राहील, पण आषाढात आतलंच गोडं पाणी तुंबून भात कुजेल. राग गिळून हसऱ्या तोंडाने बसणाऱ्याचं हेच होतं. निरोध म्हणजे उघाडी, असं मी समजतो.

आज कुणाचं लागलेलं एखादं वाक्य आठवा. येऊ दे, बांधाला थडकू दे. उत्तर रचू नका. आत काय साचलंय ते बघा. त्याला वाट हवी. पतंजली चार वाटा दाखवतात: सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, भल्या माणसाकडे पाहून आनंद आणि वाइटाची उपेक्षा. चौथी सगळ्यांत अवघड. उपेक्षा करता करता आपण तुच्छ लेखायला कधी लागतो, कळत नाही.

मन असं सम ठेवण्यावर बोललेले विनोबा भावे याच पेण तालुक्यातल्या गागोद्याचे, जन्म १८९५चा. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर अठरा प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरून घेतली. समत्वावर बोलायला जागा काही सोयीची नव्हती.

परत झडपेकडे या. फटीत एखादी काडी अडकली तरी खारं पाणी आत झिरपतं. खेकड्याच्या बिळातून सुरुवात होते आणि उधाणाला बांधाला खांड पडते. मग जमिनीतलं मीठ धुऊन निघायला पावसाळे जावे लागतात. म्हणून इथला शेतकरी बांधावरून चालताना खाली बघत चालतो.

ते वाक्य अजून थडकतंय? थडकू दे. भरती उतरायला साधारण सहा तास लागतात. तेवढं थांबा, मग त्या माणसाला फोन करा.