दुसऱ्याच्या लेकराचे नाव



बाळाचे नाव येशू ठेवले ते संत योसेफाने (मत्तय १:२५). बाळ त्याच्या रक्ताचे नव्हते, तरी देवाने नाव त्याच्यावर सोपवले. हेरोदापासून जपण्यासाठी त्याने बाळाला मिसर देशात नेले.

आपल्या वर्धा जिल्ह्यातही काही मुले बालगृहात, तर काही बाल संगोपन योजनेतून दुसऱ्यांच्या घरी वाढतात. त्यांचा जन्मदाखला, आधार, पासबुक यांच्या झेरॉक्स अनेक हातांतून जातात. एखादी प्रत वाईट हाती पडली, तर त्या नावावर फसवणूक होऊ शकते. मुलाला ते कळते मोठेपणी, कर्ज मागायला गेल्यावर.

आपण तर भलेच करतो, असे आपल्याला वाटते. नाताळात खाऊ वाटतो, फोटो काढतो, नावासकट व्हॉट्सॲपवर टाकतो. पण दोन घास दिले म्हणून मुलाच्या नावावर आपला हक्क होतो का? नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार अशा मुलाची ओळख प्रसिद्ध करणे गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कायदा शिक्षेच्या धाकाने जे राखतो, ते आपण प्रेमाने राखावे.

म्हणून कागद कुलपात ठेवू या. झेरॉक्सवर कारण व तारीख लिहू या. खाऊ देऊ या, फोटो नको. शंका आल्यास १०९८ वर कळवू या. मूल अठरा वर्षांचे झाले की त्याचे कागद त्याच्या हाती देऊ या.

देव प्रत्येकाला नावाने ओळखतो. सोपवलेले नाव निष्कलंक परत करणे, हेही पालनच आहे.

संत योसेफा, आम्हांसाठी विनंती कर.